हात मांडीवर

अकरा वर्षं मी हेच करत आले.
विद्यार्थी खालच्या नदीची वळणं बघण्यात रमला
की हळूच थ्रॉटल मागे ओढायचा
आणि म्हणायचं, "इंजिन गेलं. आता?"
मग त्याची धांदल: नाक खाली, वेग साठ,
वारा कुठून, शेत कुठलं.
जमीन पाचशे फुटांवर आली की थ्रॉटल पुढे,
इंजिन गुरगुरतं, आम्ही हसतो.
खोटं मरण. तासाला एकशे नव्वद डॉलर.

मॅनिटोबात त्या जुलैत हवा ओली होती.
तापमान अठरा. अठरा अंशांना
बर्फाची भीती कोण बाळगतं?
पण कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून
हवा धावते तेव्हा गारठत जाते,
आणि तिथे, अंगठ्याएवढ्या जागेत,
हिवाळा मुक्कामाला असतो.

कोलेट डेजार्ले, वय एकोणीस,
बाप सेंट-लॉरांच्या तळ्यावर मासे धरणारा.
उंची अठराशे फूट.
आवाज आधी जाड झाला.
मग फेऱ्यांचा काटा खाली येऊ लागला,
गुडघे दुखणाऱ्या माणसानं जिना उतरावा तसा.
ती वैतागून म्हणाली, "पुन्हा, मिस पेन्नर?"
आणि तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.

हात मांडीवर होते.
दोन्ही.

मला फक्त त्या नजरेबद्दल लिहायचं होतं.
बाकीचं अहवालात आहे:
कार्बुरेटर हीट ओढली, उशिरा.
टाकी, मॅग्नेटो, मिश्रण, सगळं जागच्या जागी.
मेडे तीनदा. दारांच्या कड्या काढल्या.
अहवालात नाही ते हे, की पंखा वाऱ्यावर नुसता फिरत होता,
धान्य संपलं तरी चालू राहिलेल्या गिरणीसारखा.
की "माझ्याकडे दे" म्हणायला मी तोंड उघडलं
आणि मला तिचा अंगठा दिसला
ट्रिमच्या चाकावर, न थरथरणारा,
आणि मी तोंड मिटलं.
ते बरोबर होतं का, अजून ठरलेलं नाही.

"पुढे तळं आहे," ती म्हणाली.
निळं, मैलभर, वर लाटा.
मीही क्षणभर तळंच पाहिलं.
मग तीच म्हणाली, "नाही. काठाला फेस नाही. शेत आहे."
जवसाचं शेत, फुलावर आलेलं.
जवसाच्या पाकळ्या दुपारी गळून जातात.
तासाभरानं आलो असतो
तर हिरव्यात हिरवं, आणि काहीच प्रश्न नव्हता.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात.
इथे ती वर येत होती, कसलीही घाई न करता,
मग विजेच्या तारा ओलांडल्यावर
एकदम घाईत.

चाकं टेकली. हजारो देठ
एकाच वेळी पोटाखालून खरवडत गेले.
थांबलो. कोलेटनं आधी किल्ली बंद केली,
मग ती रडली. क्रम मला आवडला.

ऑरेस्ट दनिल्युक ट्रॅक्टरवरून आला.
आधी आम्हा दोघींकडे पाहिलं,
मग पिकात उमटलेल्या तीन रेघांकडे.
"इथे वरून एरवी गाराच येतात," म्हणाला,
आणि थर्मास पुढे केला.

संध्याकाळी सीबर्ट मिस्त्रीनं
शेतातच किल्ली फिरवली.
पहिल्या झटक्यात चालू.
गुळगुळीत, निर्दोष, तक्रार करणाऱ्यालाच खोटं पाडणारं.
बर्फाचं पाणी झालं, पाण्याची वाफ,
साक्षीदार पसार.
सीबर्ट काही बोलला नाही. चष्मा पुसत राहिला.

रविवारी कोलेट आली. बुटाच्या शिवणीत
वाळलेली निळी चिमूट तशीच.
पट्टा बांधताना म्हणाली, "हात कुठे ठेवणार ते सांगा."
मी म्हटलं, "माझ्या हाताकडे बघायचं नाही. खाली बघ."

आता सगळ्यांनाच तसं सांगते.
आणि विद्यार्थी नदीत रमलेला असताना
मीच एकदा खाली बघून घेते,
मांडीवर.